देवचार : राखणदार की सैतान?

पेडणे महालातील एका खेड्यात गाण्याची बैठक होती. तंबोरे जुळवण्यापूर्वी वृद्ध यजमानांनी कुळागराच्या कडेला रोट, विडी व थोडी दारू ठेवून हात जोडले. "आदीं देवचाराक, मागीर गाणें," ते म्हणाले. माझ्याबरोबर म्हापशाचा एक ख्रिस्ती शिष्य होता. त्याचा चेहरा उतरला. "सर, ही तर सैतानाची पूजा! इथे मी कसा गाऊ?"

त्याच्या बाजूने त्याचे खरेच होते. ख्रिस्ती शिकवणीत सैतान हा देवाच्या तोडीचा प्रतिदेव नव्हे. तो देवानेच घडवलेला दूत. गर्वाने पतन पावलेला. त्याला भजणे म्हणजे पहिलीच आज्ञा मोडणे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ही पतनकथा 'ख्रिस्तपुराणा'त मराठी ओव्यांतून सांगितली; तो ग्रंथ १६१६ साली छापला गेला. (राजवाड्यात गाणारे माझे वडील ओवीला गाण्याची आई म्हणत, इंग्लंडहून आलेल्या या पाद्रीबोवांना ती वश झाली, याचे त्यांना मोठे कौतुक!) ख्रिस्ती कोंकणीत मात्र या पतित दूताला नाव मिळाले ते 'देवचार'.

कोलवाळची नदी ओलांडली की हाच शब्द पालटतो. पेडणे, डिचोली हे महाल पोर्तुगीजांकडे आले १७८० नंतरच्या दशकात. बारदेस-साष्टीत देवळे पाडली गेली तो काळ तोवर मागे पडला होता. म्हणून इकडचा देवचार राखणदारच राहिला. रात्री काठी आपटीत शिवेवर फिरणारा, चुकलेल्याला वाट दाखवणारा.

सैतानाचे नाव उघड मिरवणारा पंथ निघाला तो १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत, आंतोन लावे यांचा. गंमत अशी, की त्यांच्या लेखी सैतान ही कोणी व्यक्तीच नव्हे. मानवी अहंतेचे ते चिन्ह! आमच्या यजमानांना अहंता पुजायची नव्हती. पोफळी आणि वाटसरू सुखरूप राहावेत, एवढेच त्यांचे मागणे.

हे मी शिष्याला सांगितले. डिचोली महालातील शिरगावची लईराई आणि त्याच्याच म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी मानतात, याचीही आठवण दिली. "ते ठाऊक आहे, सर, पण शब्द कानात बसलाय," तो म्हणाला. त्या रात्री त्याने तंबोरा धरला, गायला मात्र नाही. मी आग्रह केला नाही.

निघताना यजमान म्हणाले, "भिऊ नका, शिवेपर्यंत तो सोबत आहे." शिष्याने छातीवर क्रूस काढला आणि वाकून त्यांना नमस्कार केला.