कोयत्याची जखम भरली, पण हात बरा झाला का?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेला विषय हाताचा आहे. शेतीतील सगळी अवजारे बाजारात पुन्हा मिळतात, हात मिळत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मेहकरकडील आमच्या एका सभासदाचा बेणे तोडताना कोयता निसटला आणि डाव्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला बसला. जवळच्या दवाखान्यात टाके पडले, दहा दिवसांनी निघाले. आम्ही लागणीची नोंद घ्यायला गेलो तेव्हा करंगळी बधिर असल्याचे ते बोलले. आम्ही सहज म्हणालो, "जखम सुकली ना, मग बधिरपणाही जाईल हळूहळू."

दीड वर्षाने खोडव्याच्या नोंदीला गेलो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आकड्यासारखे वाकले होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसून तिथे खळगा पडला होता. ते म्हणाले, "साहेब, जखम त कवाचीच भरली, पन हे दोन बोटं माहे नाहीतच असं वाटते." मोठ्या रुग्णालयात सांगण्यात आले की मज्जातंतू तुटला होता आणि तो जोडण्याची वेळ निघून गेली. आमचे ते "हळूहळू" आम्हाला अजून टोचते. म्हणून हा लेख.

नस म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे मनगटात काहीही तुटले की "नस कटली" म्हणतात. पण तिथे तीन वेगळ्या वस्तू असतात. एक रक्तवाहिनी, ती तुटली की रक्त वाहते आणि सर्वांना कळते. दुसरी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी दोरी. ती तुटली की बोट वाकत नाही किंवा सरळ होत नाही. तिसरा मज्जातंतू, तो स्नायूला हुकूम नेतो आणि स्पर्शाची खबर आणतो. तो तुटला तर ना रक्ताची धार, ना मोठी कळ. म्हणूनच तो नजरेतून सुटतो.

ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी 1943 साली मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात तंतू नुसता दबतो. तो बहुधा काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सुधारतो. दुसऱ्यात आतले धागे तुटतात, पण आवरण शाबूत राहते. धागे पुन्हा वाढतात. तिसऱ्यात सगळाच तंतू तुटतो. तो शस्त्रक्रियेशिवाय जुळत नाही. कोयत्याने कापलेल्या जागी बधिरता आली, तर तंतू तुटला आहे असेच धरून तपास करावा.

घाई कशासाठी?

तुटलेल्या जागेच्या पुढचा धागा मरतो, पण त्याची नळी काही काळ राहते. मागच्या टोकाला खोडव्यासारखे नवे फुटवे येतात आणि त्या नळीतून पुढे सरकतात. त्यांचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा-सात महिने लागतात. दंडात तुटला तर हातापर्यंत पोचायला वर्षाहून अधिक. इकडे हुकूमाविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात असा वाळतो की मग तंतू पोचूनही उपयोग नसतो. नांग्या वेळेवर भरल्या तरच ऊस जोडीने वाढतो, तसेच हे आहे.

स्वच्छ कापलेला तंतू शक्यतो त्याच दिवशी किंवा थोड्याच दिवसांत जोडतात. भिंगाखाली, केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात. मध्ये अंतर पडले असेल तर पोटरीमागचा एक स्पर्शतंतू काढून तिथे बसवतात. त्यामुळे पावलाची बाहेरची कड तेवढी बधिर होते. जखम यंत्राने चिरडलेली असेल तर डॉक्टर दोन-तीन आठवडे थांबून तंतू जोडतात. कातडी न फाटता मार लागला असेल तर सुमारे तीन महिने तपासण्या करीत वाट पाहतात. मात्र हे थांबणे डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे.

वेळ गेली तरी वाट आहे

ही वाट कुष्ठरुग्णांच्या सेवेत फार उपयोगी पडली. कुष्ठरोग मज्जातंतूच बिघडवतो आणि बोटे वाकतात. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले. चांगल्या स्नायूची कंडरा वळवून लुळ्या बोटाला जोडण्याच्या शस्त्रक्रियेने त्यांनी अनेकांचे हात कामाला लावले. आपल्या महाराष्ट्रात जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या शस्त्रक्रियेचे काम पुढे नेले. आमच्या त्या सभासदांवरही अशीच शस्त्रक्रिया झाली. बोटे बरीच सरळ झाली, स्पर्श मात्र आला नाही.

ब्रँड यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून भाजतात, कापतात, चिघळतात. बधिर हाताच्या प्रत्येक माणसाला हे लागू आहे. चुलीवरचे भांडे, चहाचा पेला, विडी यांपासून जपावे. रोज रात्री हात उजेडात पाहावा. अंगावर बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

1. जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चुना, चहापूड, माती भरू नका. दोरीने दंड आवळून ठेवू नका.

2. बधिर करण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वी बोटे तपासायला डॉक्टरांना सांगा. करंगळीला आणि तर्जनीच्या टोकाला स्पर्श कळतो का? बोटे फाकतात का? अंगठा करंगळीला टेकतो का? यांपैकी एकही नीट नसेल तर रक्त थांबवून पट्टी बांधून 108 ची गाडी बोलवा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. तिथून अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवण्याविषयी विचारा.

3. शस्त्रक्रियेनंतर पट्टी सांगितली तितके दिवस ठेवा. पुढे दुसऱ्या हाताने सांधे रोज हलवा, नाहीतर ते आखडतात. जखमेवर टिचकी मारता पुढे मुंग्या येऊ लागल्या तर घाबरू नका. फुटवे सरकत असल्याची ती खूण आहे. स्पर्श येऊ लागला की डोळे मिटून ज्वारीचा दाणा, कापूस, नाणे ओळखण्याचा सराव करा.

4. मुकादम आणि टोळीतील मंडळींना हे वाचून दाखवा. कोयता त्यांच्याच हाती सर्वांत जास्त वेळ असतो, आणि गावापासून दूर असल्याने दवाखाना टाळण्याकडे त्यांचा कल असतो. खाडा पडेल म्हणून जखम लपवू नये, असे त्यांना आपण सभासदांनीच सांगावे.

कोणी बोट बधिर आहे म्हणाले तर आम्ही आता "हळूहळू" म्हणत नाही. नोंदवही बाजूला ठेवतो आणि आधी हात पाहतो. आपणही तसेच करावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी