मूळ प्रत कोणती?

गिरगावाजवळच्या कोलभाट गल्लीत निर्णयसागर छापखाना होता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेला, शुद्ध छपाईसाठी नावाजलेला. तिथला जुळारी खिळे उलटे लावी, तेव्हा कागदावर अक्षर सुलटं उठे. आपल्या पेशीतला जुळारी म्हणजे डीएनए पॉलिमरेज. तोही जोडीची अक्षरं लावत जातो: जुन्या धाग्यावर ए, तर नव्यावर टी, जीसमोर सी.

मजकूर सहाशे कोटी अक्षरांचा, मुदत आठेक तासांची, वेग सेकंदाला पन्नासेक अक्षरं. सर्वांत लांब गुणसूत्र एका टोकाकडून उतरवायला घेतलं, तर दोन महिने जातील. म्हणून काम हजारो ठिकाणी सुरू होतं. प्रत्येक ठिकाणाला एका खेपेला परवाना एकदाच, नाहीतर तेच पान दोनदा छापलं जायचं.

हा जुळारी लाखात एखादं अक्षर चुकतो. चुकलेला खिळा सैल बसतो, पुढचा लागत नाही. मग तोच मागे येऊन तो उपटतो आणि बरोबर लावतो. स्वतःचं मुद्रित स्वतःच तपासायचं! त्यातून काही सुटतंच, हे लिहिणाऱ्यांना सांगायला नको.

मग येतो दुसरा मुद्रितशोधक, आणि खरं नवल त्याचंच. जीसमोर टी बसलाय. अक्षरं दोन्ही शुद्ध. हस्तलिखित कोणतं, नक्कल कोणती? जुनं अक्षर खोडलं तर चूक कायमची. ई. कोलाय जिवाणूत जुन्या धाग्यावर मिथिलच्या खुणा असतात. नव्यावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात काम उरकायचं. आपल्या पेशींत नव्या धाग्यातल्या अजून न सांधलेल्या फटी वाट दाखवतात. हे कोडं उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. दोन्ही तपासण्यांनंतर शंभर कोटींत जेमतेम एखादी चूक उरते.

अशा चुका साचल्या, तर कर्करोग होऊ शकतो, आणि त्याचा धोका वारशातही येऊ शकतो. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे उंदरांवर कर्करोग आणि आनुवंशिकतेचा संबंध शोधत होत्या. माणसांत काही घराण्यांना या दुसऱ्या मुद्रितशोधकाच्याच एखाद्या जनुकाची एक बिघडलेली प्रत वारशात मिळते. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एखाद्या पेशीत उरलेली चांगली प्रतही गेली, की चुका साचत जातात. मोठ्या आतड्यात, गर्भाशयात गाठ धरते. पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर या शोधकाची चार प्रथिनं रंगवून पाहतात. शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. गाठीतली निळीच राहिली, तर तिथला मुद्रितशोधक गैरहजर.