जुनी गाडी : रंगवावी की राहू द्यावी?

मीरा-भाईंदर, प्रतिनिधी

घोडबंदर गावातील जुने घर सोडून लगतच्या गृहसंकुलात बिऱ्हाड हलविताना माळ्यावरून जे सामान खाली येते, त्यात कधी कधी तळहातावर मावणारी, पण हाताला जड लागणारी धातूची मोटारगाडीही असते. रंग उडालेला, एखादे चाक वाकडे. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेल्या 'मॅचबॉक्स' गाड्या, त्याआधीपासूनच्या 'डिंकी', नंतरच्या 'कॉर्गी', हे सारे याच कुळातले. खेळण्यांच्या आयातीवर निर्बंध असताना त्या बहुधा परदेशी असलेल्या नातलगांच्या बॅगेतून येत. काही मात्र अस्सल देशी आहेत. डिंकीचे जुने साचे कलकत्त्यात आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघाल्या, तर १९८०च्या दशकात ब्लो प्लास्ट आणि मॅटेल यांच्या भागीदारीतून 'लिओ मॅटेल'च्या हॉट व्हील्स आल्या.

अशी गाडी हाती आली की पहिला मोह होतो तो ती नव्यासारखी रंगविण्याचा. तो आवरलेला बरा. संग्राहकांच्या दृष्टीने मूळ रंग, मग तो कितीही खरवडलेला असो, हाच गाडीचा दाखला असतो आणि एकदा उतरविलेला रंग परत येत नाही. म्हणून प्रथम गाडी उलटी करून तळावरची अक्षरे वाचावीत. दुर्मिळ छाप असेल, तर कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच पुरे. कागदी चिठ्ठी असलेली गाडी पाण्यात बुडवू नये. रंगकामाचा प्रयोग करायचाच तर तो सर्वत्र आढळणाऱ्या, पार विद्रूप झालेल्या गाडीवर करावा.

या गाड्यांचा धातू जस्ताचा मिश्रधातू असतो. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम व तांबे मिसळून तो वितळवितात आणि पोलादी साच्यात दाबाने भरतात. जस्ताला आम्ल सोसत नाही आणि तीव्र अल्कही सोसत नाही. त्यामुळे पितळेची भांडी लख्ख करणारी चिंच किंवा लिंबू येथे घातकच. रंग उतरविण्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात गाडी रात्रभर टाकून ठेवण्याचा सल्लाही ऐकू येतो, पण त्याने धातूच खाल्ला जातो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पेंट रिमूव्हर त्यापेक्षा बरे. मात्र त्यापूर्वी काचा, आसने, चाके वेगळी करायला हवीत, कारण प्लास्टिक त्यात विरघळते.

गाडी उघडणे हाच नाजूक भाग. तळाचा पत्रा रिव्हेटने जखडलेला असतो आणि हे रिव्हेट बहुधा सांगाड्याचाच ओतीव खुंट असतो. त्याच्या मधोमध खूण करून ड्रिलने फक्त पसरट डोके काढावे, खुंट शाबूत ठेवावा. पुढे त्यातच बारीक स्क्रू बसतो किंवा एपॉक्सी गोंदाने काम भागते.

खरा धोका जुन्या रंगात आहे. त्या काळच्या रंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. भारतात घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा प्रत्यक्षात लागू झाली ती २०१७ साली. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते आणि शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. त्यामुळे घासायचे ते पाणी लावूनच, हातमोजे घालून आणि स्वयंपाकघरापासून दूर. खपल्या उडणारी जुनी गाडी नातवाच्या हाती देऊ नये, हेही ओघाने आलेच.

घोडबंदरला खाडी जवळ, हवा दमट आणि खारी. उघड्या जस्तावर अशा हवेत पांढरी भुकटी धरते, म्हणून रंग उतरविल्यावर धातू पूर्ण सुकवून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. त्यावर स्प्रेचे पातळ, एकाहून अधिक हात द्यावेत. पावसाळ्यात हे काम करूच नये. ओलसर हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

वरची भुकटी पुसता येते, पण धातूवर जाळीसारख्या भेगा पडून गाडी फुगली वा वाकली असेल, तर तो आतला रोग समजावा. ओतकामाच्या वेळी जस्तात शिसे मिसळले गेले की कण सुटत जातात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांत हे अधिक आढळते. यावर उपाय नाही, कोरड्या जागी ठेवून ऱ्हास लांबविता येतो इतकेच. तो शेजारच्या गाडीला 'लागतो' ही समजूत मात्र खरी नाही.

मुंबईच्या चोर बाजारात जुनी गाडी घेताना तळाचे रिव्हेट आधी पाहावेत. ड्रिलची खूण असून रंग चकचकीत असेल, तर तो मूळ रंग नव्हे. घरी रंगविलेल्या गाडीच्या तळपत्र्यावर, आतल्या बाजूस, रंगकामाचे साल खिळ्याने कोरून ठेवले तर पुढच्या ग्राहकाची फसगत टळू शकेल.