मोरपंखी अंगणात, रानपिंगळा रानात

पाचवीच्या वर्गात कुणीही पुस्तक उघडलं की मोरपंखीचं एखादं पान खाली पडतंच. "सर, यानं विद्या येते!" मी विचारतो, "हे झाड कुठलं?" मुलं म्हणतात, "आपलंच!" खरं तर मोरपंखी मूळची चीनकडची. ती सूचिपर्णी गटातली आहे. तिला फुलं येत नाहीत, बी छोट्या निळसर शंकूत धरतं. लावाल तिथं ती जगते, म्हणून कोल्हापुरात अंगणोअंगणी दिसते.

आता खास आपल्या मातीतला जीव पाहा. रानपिंगळा हे छोटं घुबड जगात फक्त भारतात आढळतं. त्याचा पहिला नमुना १८७२ साली मिळाला. १८८४ नंतर मात्र खात्रीचा पुरावा मिळेना, आणि तो नामशेष झाला असंच अनेकांनी धरलं. मायनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला होता, पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला. ती लबाडी बाजूला सारून पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, भरदिवसा, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे डॉ. फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी त्याचा अभ्यास केला. मेळघाट आणि तानसाच्या रानातही तो सापडला.

मोरपंखीला कुंडीसुद्धा पुरते. रानपिंगळ्याला पानझडीचं रान आणि जुन्या झाडातली ढोली लागते. झाडं तुटली की त्याचं घर गेलं. त्यात आपले समज असे की परक्या झाडाला विद्या म्हणायचं आणि घरच्या पाखराला अपशकुनी.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत जुन्या भिंतीच्या भोकात साध्या पिंगळ्यांची जोडी राहायला आली. शेजारच्या खाला म्हणाल्या, "मास्तर, भोक बुजवा. हे पाखरू घरात मौत आणतं." गवंडी सिमेंट कालवून तयार होता. मी म्हणालो, "खाला, मेलेल्याची रूह घुबड होऊन फिरते, असं इस्लामपूर्वीचे अरब मानत. आपल्या रसूलनी (स.) तो वहम साफ नाकारला. आणि हे पाखरू उंदीर, किडे खातं. आपलंच काम करतं."

खाला काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनीच गवंड्याला न्हाणीघराची फुटलेली पायरी दाखवली. सिमेंट तिथं लागलं.

यंदा त्या भोकातून दोन पिल्लं डोकावतात.