‘मुस्तफा’चं मशीन घरी बांधायचंय? मग लाकूड कापायच्या आधी मेन्यूचं सॉफ्टवेअर ठरवा

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावात वाढलेल्या कोणालाही ‘मुस्तफा’ म्हणून बघा, चेहरा लगेच खुलतो. व्हिडिओ गेमचं अंधारं दुकान, उभी लाकडी मशिनं, हातात एक रुपयाचं नाणं आणि पिवळ्या टोपीवाल्या गड्याची उडती लाथ.

त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये आणला. मुस्तफा कैरो हे त्यातल्या चार पात्रांपैकी एक, पण आपल्याकडे अख्ख्या गेमलाच त्याचं नाव पडलं.

ती दुकानं गेली, पण तसं मशीन आज घरी बांधता येतं. अगदी यावलमध्ये बसूनही. खोका सुतार करून देतो, बाकीचे भाग कुरिअरने येतात. खरी गाडी अडते ती पुढे: मशीन चालू केल्यावर स्क्रीनवर नेमकं काय दिसणार?

मशीनमध्ये असतं काय?

१८ मिलिमीटर प्लायवुडचा खोका, एक स्क्रीन, दोन जॉयस्टिक, बटणं आणि एक छोटा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर म्हणून बहुतेक जण रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा बोर्ड वापरतात. घरात पडून असलेला जुना पीसीही चालतो.

जॉयस्टिक आणि बटणांच्या वायरी एका यूएसबी एन्कोडर बोर्डला जोडायच्या. कॉम्प्युटरला वाटतं की साधा गेमपॅडच लावलाय. त्यामुळे सोल्डरिंगची फारशी गरज पडत नाही.

स्क्रीनसाठी सायबर कॅफेतला जुना, चौकोनी एलसीडी मॉनिटर उत्तम. जुने गेम त्याच आकाराच्या पडद्यासाठी बनले होते. जुना डबा टीव्ही मात्र उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या ट्यूबमध्ये जोराचा शॉक बसेल इतका दाब उरलेला असतो.

मेन्यूचं सॉफ्टवेअर कशाला लागतं?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवतो तो इम्युलेटर. यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे १९९७ मध्ये आलेला ‘मेम’. पण गेमची यादी दाखवणं, निवडलेला गेम सुरू करणं आणि संपल्यावर परत यादीवर आणणं, हे काम फ्रंटएंडचं. तोच मशीनचा मेन्यू.

मेन्यू चुकला की प्रत्येक वेळी कीबोर्ड-माऊस काढावा लागतो. मग ते मशीन राहत नाही, लाकडी खोक्यात ठेवलेला कॉम्प्युटर होतो.

मग कोणतं निवडायचं?

रेट्रोपाय: रास्पबेरी पायवर अनेकांची सुरुवात यानेच होते. मेन्यूसाठी यात इम्युलेशनस्टेशन आहे. बारीकसारीक बदल हवे तितके करता येतात, पण त्यासाठी लिनक्सशी थोडी झटापट करायची तयारी हवी.

बाटोसेरा आणि रिकलबॉक्स: कार्ड किंवा पेनड्राइव्हवर टाका आणि सुरू करा. बाटोसेरा जुन्या पीसीवर पेनड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. नवख्यांसाठी हे सोपं.

अ‍ॅट्रॅक्ट-मोड: खास अशा मशिनांसाठीच बनलेला मेन्यू. दुकानातल्या मशीनवर कोणी खेळत नसताना गेमची झलक चालू असायची, त्याला अ‍ॅट्रॅक्ट मोड म्हणतात. नाव तिथूनच आलंय. सगळं जॉयस्टिकवर चालतं, पण मांडणी जमवायला वेळ द्यावा लागतो.

लाँचबॉक्स: विंडोजवाल्यांसाठी. मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मशीनला शोभणारा पूर्ण स्क्रीनचा ‘बिग बॉक्स’ मेन्यू विकत घ्यावा लागतो.

लहान मुलं खेळणार असतील तर इम्युलेशनस्टेशनमध्ये किड मोड किंवा किऑस्क मोड लावा. सेटिंग झाकली जातात, त्यामुळे कोणाच्या हातून काही पुसलं जाण्याची धास्ती राहत नाही.

लाईट गेली तर?

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये यावर फारसं कोणी बोलत नाही, पण आपल्याकडे हाच मोठा मुद्दा. रास्पबेरी पाय मेमरी कार्डवर चालतो. कार्डवर काही लिहिलं जात असतानाच लाईट गेली तर फाइल बिघडू शकते आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होत नाही.

बाटोसेरा आणि रिकलबॉक्समध्ये मूळ सिस्टीमचा भाग ‘फक्त वाचा’ प्रकारचा असतो, म्हणून तो सहसा टिकतो. तुमचे गेम आणि सेव्ह केलेला खेळ मात्र वेगळ्या जागी लिहिला जातो, त्याला धोका उरतोच. रेट्रोपायमध्ये सगळंच लिहितं असतं. सतत लाईट जाणाऱ्या गावात निवड करताना हा फरक लक्षात ठेवा.

मशीनचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा, बंद करायचं तर मेन्यूतून शटडाऊन करा आणि सगळं नीट बसलं की कार्डची एक कॉपी काढून ठेवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसलं तर पायला पुरेसा दाब मिळत नाहीये. मोबाइलचा चार्जर काढा, पायसाठीचाच अ‍ॅडॉप्टर लावा.

आणि गेम कुठून आणायचे?

हे सगळे मेन्यू येतात ते जवळपास रिकामेच. इंटरनेटवर गेमचे गठ्ठे फुकट मिळतात, पण ते कायदेशीर नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामलाही साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. ‘दहा हजार गेम भरलेलं कार्ड’ विकणारा तुम्हाला हक्क विकत नसतो.

सरळ रस्तेही आहेत. मालकांनी परवानगी दिलेले काही जुने गेम मेमच्या वेबसाइटवर मिळतात. कंपन्यांचे अधिकृत संच विकत घेता येतात. कॅपकॉमने २०१८ मध्ये अशाच सात मारधाडीच्या गेमचा संच काढला.

त्यात मुस्तफा नव्हता. हा गेम एका अमेरिकी कॉमिकवर बेतलेला, त्यामुळे त्याचे हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत. आपल्याकडच्या इतक्या पोरांचं बालपण ज्यात गेलं, तोच गेम सरळ मार्गाने मिळणं अवघड झालंय.

म्हणूनच, गावात एखाद्या बंद दुकानाच्या माळ्यावर जुनं मशीन धूळ खात पडलं असेल, तर भंगारात जाण्याआधी त्याच्या मालकाला एकदा विचारून बघा. आतला मूळ बोर्ड चालू असेल, तर मेन्यूची गरजच नाही. नाणं टाका आणि खेळा.