बाप चढला, मग मुलाने का चढावे?

'शेर्पा' हा शब्द अलीकडे आमच्या ऑफिसच्या मीटिंगांतूनही ऐकू येतो. अवघड प्रोजेक्ट पार पाडून देणारा तो शेर्पा. जी-२० परिषदेत तर राष्ट्रप्रमुखांचे अधिकृत शेर्पा असतात. शेर्पा म्हणजे वाटाड्या किंवा ओझे वाहणारा, असेच बहुतेकांना वाटते. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. वास्तविक ते एका जमातीचे नाव आहे. शर म्हणजे पूर्व, पा म्हणजे लोक. साधारण पाचशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातून हिमालय ओलांडून हे लोक नेपाळातल्या खुंबू भागात उतरले. याक पाळणे, जव आणि पुढे बटाटे पिकवणे, नांगपा खिंडीतून तिबेटशी मिठाचा व्यापार करणे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. त्यांच्या दाराशी जगातली सगळ्यांत उंच शिखरे उभी होती, पण साहेब येईपर्यंत एकाही शेर्प्याला त्यांवर चढावेसे वाटले नाही.

याला कारण त्यांचा धर्म. आपल्याला बौद्ध धर्म म्हटले की अजिंठा-वेरूळ आठवते, नाहीतर १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेली दीक्षा. बाबासाहेबांच्या धम्मात देवदेवतांना जागा नाही. शेर्पांचा बौद्ध धर्म तिबेटी वज्रयान पंथाचा, आणि त्यात डोंगर, झरे, खिंडी, सगळीकडे देवतांची वस्ती आहे. खुंबूचे खोरे हे गुरू पद्मसंभवांनी संकटकाळच्या आश्रयासाठी लपवून ठेवलेले पवित्र खोरे, अशी त्यांची श्रद्धा. खुंबिला नावाचे शिखर तर ग्रामदैवतच. त्यावर चढाई होत नाही. एव्हरेस्ट, म्हणजे त्यांचे चोमोलुंग्मा, हे मियोलांगसांग्मा देवीचे ठाणे. पाच बहिणींपैकी ही एक. थोरली त्सेरिंग्मा, तिचे ठाणे गौरीशंकर शिखरावर. मियोलांगसांग्मा आपल्या देवीसारखीच वाघावर बसते. तिच्या एका हातात अन्नाचे पात्र आहे आणि जवळ रत्ने ओकणारे मुंगूस. थोडक्यात, ती अन्नपूर्णा आहे. एव्हरेस्टने शेर्पांना खरोखरच अन्न दिले, हे पाहिले म्हणजे या कल्पनेची गंमत वाटते.

देवीच्या अंगावर पाय द्यायचा, तर तिची परवानगी आणि क्षमा मागायलाच हवी. म्हणून कोणतीही मोहीम असो, बेस कँपवर दगड रचून वेदी उभारल्याशिवाय आणि पूजा झाल्याशिवाय शेर्पा वर पाऊल टाकत नाहीत. लामा पोथी वाचतात, जुनिपरच्या डहाळ्यांचा धूर करतात. आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, दोर वेदीला टेकवून ठेवतात, आपण दसऱ्याला ठेवतो तसेच. शेवटी त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ (आपल्या सातूचा भाऊबंदच), हवेत उधळतात आणि एकमेकांच्या गालांना फासतात. जेजुरीचा भंडारा पाहिलेल्याला हे परके वाटणार नाही. वेदीवरून चारी दिशांना पताका बांधतात. निळी आकाशाची, पांढरी वायूची, लाल अग्नीची, हिरवी पाण्याची, पिवळी पृथ्वीची. ही आपलीच पंचमहाभूते आहेत! माझी आजी सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी जमिनीला हात लावून तिची क्षमा मागत असे. बेस कँपच्या पूजेत मला तीच आजी दिसते.

हे सगळे मी ज्या माणसामुळे वाचू लागलो, तो म्हणजे तेनसिंगचा मुलगा जामलिंग.

तेनसिंगची कथा आपल्या पिढीला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे, पण त्यात बरेच काही गाळलेले असते. त्याचा जन्म १९१४ चा. याक राखणाऱ्या गरीब घरातला. नाव ठेवले होते नामग्याल वांगदी. तिबेटच्या बाजूच्या रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांनी ते बदलून तेनसिंग नोर्गे केले. आईवडिलांना त्याला भिक्षू करायचे होते. मठात घातलेही, पण एका लामाने डोक्यात लाकडी फळी मारली आणि पोरगे घरी पळून आले. त्या लामाचा राग जरा कमी असता तर इतिहास वेगळा झाला असता! अठराव्या वर्षाच्या सुमारास तो दार्जिलिंगला आला, कारण मोहिमांची भरती तिथे होत असे. १९३५ साली एरिक शिप्टनने त्याला हमाल म्हणून घेतले. १९५२ साली स्विस गिर्यारोहक रेमंड लँबेरबरोबर तो ८,५०० मीटरच्या वर पोहोचला. २९ मे १९५३ ला हिलरीबरोबर शिखर गाठले, ती त्याची सातवी खेप होती. गळ्यात लँबेरने दिलेला लाल स्कार्फ होता.

शिखरावर त्याने काय केले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आइस अ‍ॅक्सला बांधलेल्या झेंड्यांचे छायाचित्र जगाने पाहिले. छायाचित्रात न आलेली गोष्ट अशी, की त्याने बर्फात लहानसा खड्डा केला आणि त्यात थोडा खाऊ व आपली मुलगी निमा हिने दिलेली पेन्सिल पुरली. घरी पाहुणे म्हणून जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही, तसे. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. आत्मचरित्र त्याने जेम्स रॅम्झे उलमन या अमेरिकन लेखकाला सांगून लिहवले. अशा माणसाने जगाच्या माथ्यावर मुलीची पेन्सिल ठेवावी, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

पुढे १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली. तेनसिंग तिथला प्रशिक्षणप्रमुख झाला. त्याला पगार मिळू लागला, मुले इंग्रजी शाळांत गेली. १९८६ मध्ये तो वारला. त्याची समाधी त्या संस्थेच्याच आवारात आहे.

ऐंशीच्या दशकात तरुण जामलिंगने बापाकडे हट्ट धरला, की मला भारतीय मोहिमेबरोबर एव्हरेस्टला जाऊ द्या. तेनसिंगने नकार दिला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की तुम्हा मुलांना चढावे लागू नये म्हणून तर मी चढलो, तू शीक. जामलिंग मग विस्कॉन्सिनमधल्या नॉर्थलँड कॉलेजात शिकला. काही वर्षे अमेरिकेत राहिला, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. पण डोंगर काही डोक्यातून जाईना.

इथे मला थोडे घरचे सांगावे लागेल. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. त्यांनी माझ्या वडिलांना नांगराला हात लावू दिला नाही, शाळेत घातले. वडील कारकून झाले, मी इंजिनिअर होऊन इकडे आलो. आणि माझा मुलगा कॉलेज संपवून व्हर्मॉन्टला एका भाजीच्या शेतावर कामाला लागला. फोनवर मी त्याला जे ऐकवले, ते तेनसिंगच्या बोलण्याहून फार वेगळे नव्हते. फक्त माझा आवाज चढलेला होता.

जामलिंगला संधी आली १९९६ साली. आयमॅक्स कॅमेरा शिखरावर नेऊन चित्रपट करणाऱ्या डेव्हिड ब्रेशर्सच्या तुकडीत त्याची निवड झाली. निघण्यापूर्वी त्याने एका ज्येष्ठ रिंपोछेंकडे जाऊन कौल लावला. कौल चांगला आला नाही. अमेरिकेत शिकलेला हा माणूस, विश्वास ठेवावा की नाही अशा कात्रीत सापडला. त्याने आणखी सल्ला घेतला, पूजा करवून घेतल्या आणि तो गेला. त्या वर्षी १० आणि ११ मेच्या वादळात एव्हरेस्टवर आठ माणसे गेली. ब्रेशर्सच्या तुकडीने चित्रीकरण बाजूला ठेवून आपले राखीव ऑक्सिजन बचावासाठी दिले. त्यानंतर बरेच जण मोहिमा सोडून उतरले. जामलिंग पुन्हा वर गेला आणि २३ मे ला शिखरावर उभा राहिला. त्याने तिथे आईवडिलांचे आणि दलाई लामांचे छायाचित्र ठेवले, पांढरे रेशमी उपरणे वाहिले आणि आपल्या लहान मुलीचा खुळखुळा ठेवला. बापाने पेन्सिल पुरली होती तिथेच.

'एव्हरेस्ट' हा तो चित्रपट १९९८ साली आला. आम्ही दोन्ही मुलांना घेऊन सायन्स म्युझियमच्या मोठ्या पडद्यावर पाहिला. पुढे २००१ मध्ये जामलिंगने ब्रॉटन कोबर्नच्या मदतीने सविस्तर पुस्तक लिहिले. पाश्चात्त्यांच्या पुस्तकांत शिखर हा शत्रू असतो, तो 'जिंकायचा' असतो. (आपल्या मराठी वर्तमानपत्रांचे मथळेही 'एव्हरेस्ट सर केले' असेच असतात.) जामलिंगच्या पुस्तकात माणूस देवीच्या घरी जातो, वर येऊ दिले तर आभार मानतो आणि चटकन खाली उतरतो. त्याने बायकोला शब्द दिला होता, की एकदाच.

पण श्रद्धेचे इतके कौतुक करताना दुसरी बाजू लपवू नये. बहुतेक शेर्पा देवीच्या ओढीने वर जात नाहीत. पोटासाठी जातात. १९२२ साली ब्रिटिशांच्या मोहिमेत हिमकडा कोसळून सात हमाल मेले, तेव्हापासून हा हिशेब चालू आहे. १९५९ नंतर तिबेटचा व्यापार आटला, आणि डोंगराशिवाय रोख पैसा राहिला नाही. खुंबू आइसफॉल म्हणजे सतत हलणाऱ्या बर्फाच्या कड्यांचा प्रपात. पाहुणा गिर्यारोहक तो थोड्या वेळा ओलांडतो. ऑक्सिजनची नळकांडी आणि तंबू वाहणारा शेर्पा एका मोसमात कितीतरी फेऱ्या करतो. १८ एप्रिल २०१४ ला सकाळी तिथेच हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. सरकारने प्रत्येक घराला ४०,००० नेपाळी रुपये, म्हणजे सुमारे चारशे डॉलर, देऊ केले. शेर्पा चिडले, आणि त्या बाजूचा मोसमच बंद पडला. काहींचे म्हणणे असे, की देवी रागावली आहे. तरुणांचे म्हणणे असे, की विमा वाढवा. माझ्या मते ही दोन्ही म्हणणी एकाच घरात सुखाने नांदू शकतात. पुढे विम्याची रक्कम वाढली.

एक गंमत सांगून टाकतो. शेर्पांत मुलाला जन्मवाराचे नाव देण्याची चाल आहे. निमा रविवारची, दावा सोमवारचा, मिंग्मा मंगळवारचा, ल्हाक्पा बुधवारची, फुर्बा गुरुवारचा, पासांग शुक्रवारचा, पेंबा शनिवारचा. आपल्याकडे सोमा, मंगळू, बुधाजी असत तसेच. त्यामुळे एका मोहिमेत तीन-तीन पासांग असतात. वृत्तांत लिहिणारे गोंधळतात, आणि मग सरळ 'आणि काही शेर्पा' लिहून मोकळे होतात. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले तेव्हा इथेही आपण पेढे वाटले. त्यांच्याबरोबर चढलेल्या शेर्पांपैकी एकाचे तरी नाव मला सांगता आले असते का? नाही.

तेनसिंगचा नकार आता शेर्पांच्या घराघरांत ऐकू येतो. तेनसिंग जिथे वाढला त्या थामे गावातला आपा शेर्पा २१ वेळा एव्हरेस्ट चढला. बारा वर्षांचा असताना वडील गेले आणि शाळा सुटून ओझे पाठीवर आले. २००६ साली तो मुलांच्या शिक्षणासाठी युटा राज्यात राहायला आला. त्याच गावचा कामी रिता मे २०२५ पर्यंत ३१ वेळा चढला. आपल्या मुलांनी हा धंदा करू नये, असे तोही सांगतो. दहा वेळा शिखरावर गेलेली ल्हाक्पा शेर्पा कनेटिकटमध्ये मुलींना वाढवताना किराणा दुकानात नोकरी करत होती. तिच्यापासून दोन-तीन तासांवर राहून मला हे ठाऊक नव्हते. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला शेर्पांनी एक जुने चर्च घेऊन त्याचे मंदिर केले आहे. आपल्या मंडळींनीही अशीच इमारत शोधताना घातलेले वाद मला आठवले.

त्या मंदिरात मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. मुलगा व्हर्मॉन्टहून गाडी घेऊन आला, शेतावरचे दोन भोपळेही घेऊन. आत तुपाचे दिवे होते आणि एक आजोबा जपमाळ ओढत बसले होते. मागच्या बाकांवर पाच-सहा पोरे इंग्रजीत हळू आवाजात कॉलेजच्या अर्जांबद्दल बोलत होती. मुलाने मला विचारले, "बाबा, तुमच्या आजोबांना शेती आवडायची का?" मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न मी वडिलांना कधी विचारलाच नव्हता.

जामलिंगचे पुस्तक मंडळाच्या ग्रंथालयात द्यायचे कबूल केले आहे. सध्या ते व्हर्मॉन्टला आहे. परत आले की कळवीन.