शिसपेन्सिलीचें शास्त्र आणि संशोधकाचें आयुष्य

शिसपेन्सिलींत शिसें मुळींच नसतें. तिच्या कांडींत मातींत कालविलेलें ग्रॅफाइट असतें, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. त्याची रचना पोथीच्या सुट्या पानांसारखी असते. एकेका पानांत कार्बनचे परमाणु मधाच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनांत घट्ट बांधलेले असतात. पण पानापानांमधलें बंधन फार दुबळें. म्हणूनच रेघ ओढतांना पानें सुटून कागदावर राहतात. असें एकच पान, एका परमाणूच्या जाडीचें, म्हणजे ग्रॅफीन. त्यांत विजेच्या कणांना फिरावयास लांबी व रुंदी एवढ्याच दिशा मोकळ्या असतात. अशा द्रव्यांस अल्पमितीय द्रव्यें म्हणतात.

या विषयास वाहून घेणाऱ्या तरुणाचें पुढें काय होतें? डॉक्टरेटसाठीं कांहीं वर्षें, मग थोड्या मुदतीच्या नेमणुका, आणि कायम जागेची शाश्वती नाहीं. आईबापांची काळजी अनाठायीं नव्हे. या प्रश्नावर मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस या अमेरिकन विदुषीचें चरित्र पुष्कळ प्रकाश पाडतें.

त्यांचा जन्म १९३० सालीं न्यूयॉर्कमध्यें, गरीब स्थलांतरितांच्या घरीं झाला. शिक्षिका व्हावें, एवढीच त्यांची इच्छा होती. हंटर कॉलेजांत रोझॅलिन यॅलो या अध्यापिकेनें त्यांस पदार्थविज्ञानाकडे वळविलें. १९५८ सालीं त्या शिकागोच्या डॉक्टर झाल्या. पतिपत्नी दोघांसही नोकरी देणारीं ठिकाणें त्या काळीं फार थोडीं; त्यांतलें एक म्हणजे एम.आय.टी.ची लिंकन प्रयोगशाळा. १९६० सालीं तेथें येऊन त्यांनीं पुढें ग्रॅफाइटचा अभ्यास आरंभिला. विषय अवघड, आणि त्याची चलती मुळींच नव्हती. पण घरांत लहान मुलें. एखादें आजारी पडलें कीं घरीं राहणें भाग. ज्या विषयामागें फारसें कोणी लागलेलें नाहीं, त्यांत दोन दिवसांनीं बिघडत नाहीं, हा त्यांचा हिशेब होता. चार मुलांचा संसार सांभाळून १९६८ सालीं त्या एम.आय.टी.त कायम प्राध्यापक झाल्या.

त्यांनीं हा विषय सोडला नाहीं. ग्रॅफीनची गुंडाळी केली तर बारीक नळी होते. ती धातूसारखी वागेल कीं अर्धवाहकासारखी, हें गुंडाळण्याच्या तिरकसपणावर ठरतें, असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं गणितानें दाखविलें. पुढें २००४ सालीं मँचेस्टरला गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं साध्या चिकटपट्टीनें ग्रॅफाइटचे पापुद्रे काढीत ग्रॅफीन वेगळें केलें, आणि २०१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ओसाड समजला गेलेला हा प्रांत पाहतां पाहतां गजबजला. ड्रेसेलहाउसबाईंना २०१२ सालीं काव्ली पारितोषिक मिळालें. २०१७ सालीं त्या निवर्तल्या.

प्रत्येकास असें यश येईल, असें मी म्हणत नाहीं. कित्येकांस विद्यापीठांत जागा मिळत नाहीं. मात्र सूक्ष्म मापनाची व हिशेबाची जी शिस्त अंगीं बाणते, ती कारखान्यांत आणि शाळेंतही उपयोगी पडते. तेव्हां यांत मिळेल काय, हें मुलास जरूर विचारावें. पण त्याआधीं, कोणत्या प्रश्नापाशीं तूं दहा वर्षें न कंटाळतां बसशील, एवढें विचारून पाहावें.